अडीच मिलिमीटर म्हणजे किती?

अडीच मिलिमीटर म्हणजे किती? हा काय प्रश्न झाला, असं म्हणाल. अडीच म्हणजे अडीच. कंपासपेटीतली पट्टी काढा आणि बघा की राव!

पण समजा हे अडीच मिलिमीटर म्हणजे हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमनीचा व्यास आहे. मग तीन महिन्यांच्या बाळात हा आकडा डॉक्टरांची झोप उडवतो, आणि आठ-नऊ वर्षांच्या पोरात त्याच आकड्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. आकडा तोच, युनिट तेच, मशीनही तेच. अर्थ मात्र पार वेगळा. आणि गंमत (खरं तर गंमत नाहीच) अशी की हा फरक पद्धतशीर नियमात उतरायला वैद्यकशास्त्राला बरीच वर्षं लागली. आजचा शनिवारचा लेख त्याच वर्षांबद्दल.

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. इंजिनियरिंग करून कोड पाडणारा साधा आयटीवाला आहे. या विषयात शिरलो ते एका मित्रामुळे. त्याच्या लहान मुलीला बरेच दिवस ताप होता, डॉक्टरांनी हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे टू-डी एको करायला सांगितली. रिपोर्टमध्ये धमन्यांच्या मापांपुढे अजून एक आकडा होता, नुसता, युनिट नसलेला. मित्राने फोटो पाठवून विचारलं, "अरे, तू मॅथ्सवाला ना? हे प्लस एक पॉइंट आठ म्हणजे काय? एक पॉइंट आठ काय?" पोरगी ठणठणीत बरी झाली, काळजी नको. पण तो प्रश्न काही माझ्या डोक्यातून जाईना. म्हणून वाचत सुटलो, आणि जे सापडलं ते तुमच्यासमोर मांडतोय.

गोष्ट सुरू होते टोकियोत. जानेवारी १९६१. रेड क्रॉसच्या हॉस्पिटलात तोमिसाकु कावासाकी नावाचे एक बालरोगतज्ज्ञ काम करत होते, वय पस्तिशीचं. त्यांच्याकडे चार वर्षांचा एक मुलगा आला. ताप उतरत नाही, डोळे लाल पण चिपडं नाहीत, ओठ फुटलेले, जीभ स्ट्रॉबेरीसारखी लाल, अंगावर पुरळ, हातपाय सुजलेले. नंतर बोटांच्या टोकांची सालं निघायला लागली. कावासाकींना हे कुठल्याच पुस्तकात बसवता येईना. मुलगा बरा होऊन घरी गेला, निदान मात्र झालं नाही. पुढच्या वर्षी अगदी तसाच दुसरा रुग्ण आला. आपल्यापैकी बहुतेकांनी "व्हायरल असेल" म्हणून सोडून दिलं असतं. या माणसाने वही काढली आणि नोंदी ठेवायला सुरुवात केली. १९६७ साली त्यांनी अशा ५० मुलांची सविस्तर हकिगत एका जपानी मासिकात छापली. तोच हा कावासाकी आजार. इंग्रजीतून तो जगासमोर यायला १९७४ साल उजाडलं. त्याच सुमारास हवाई बेटांवर मॅरियन मेलिश आणि त्यांच्या सहकाऱ्यांना स्वतंत्रपणे हाच आजार दिसत होता!

सुरुवातीला कावासाकींना वाटत होतं की हा आजार आपोआप बरा होतो, मागे काही राहत नाही. नोबोरू तानाका या पॅथॉलॉजिस्टला मात्र शवविच्छेदनात काही वेगळंच दिसलं होतं. अशा एका मुलाच्या हृदयाच्या धमनीत रक्ताची गुठळी होती. वाद बराच चालला. मग १९७० साली जपानमध्ये देशभर पाहणी झाली, आणि बरी होताहोता अचानक दगावलेली दहा मुलं सापडली. त्यांच्या शवविच्छेदनात कारण एकच, हृदयाच्या धमन्या.

म्हणजे होतं काय, तर या आजारात रक्तवाहिन्यांच्या भिंतींना सूज येते. त्यातही हृदयाला रक्त पुरवणाऱ्या कॉरोनरी धमन्यांवर त्याचा विशेष राग. भिंत कमकुवत झाली की धमनी फुगते. सायकलची ट्यूब टायरच्या फाटक्या जागेतून कशी बाहेर येते, तसा फुगा येतो. डॉक्टरी भाषेत ॲन्युरिझम. फुग्यात रक्त रेंगाळतं, गुठळी होते, आणि जो हार्ट ॲटॅक आपण साठीच्या काकांशी जोडतो तो दोन वर्षांच्या मुलाला येऊ शकतो. उपचार नाही केले तर साधारण चार-पाच मुलांमागे एकाच्या धमन्यांवर असा परिणाम होतो. १९८४ साली जपानच्या फुरुशो यांनी आणि १९८६ साली अमेरिकेत जेन न्यूबर्गर आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन दिलं तर हा धोका खूपच कमी होतो. वेळेत उपचार झाले तर फुगे होण्याचं प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास येतं.

पण मंडळी, खरा प्रश्न इथेच सुरू होतो. "धमनी फुगली" असं म्हणायचं कधी? फुगा मोठा असेल तर कुणालाही दिसेल. पण जराशी रुंद वाटणारी धमनी मुळातच तशी आहे, की आजाराने झाली आहे?

१९७० च्या दशकाच्या शेवटी टू-डी एको आलं आणि शरीरात नळी न घालता या धमन्या बघता यायला लागल्या. बघता आल्या म्हणजे मोजता आल्या, आणि मोजता आल्या की नियम हवा. १९८४ साली जपानच्या आरोग्य मंत्रालयाच्या समितीने नियम केला. मूल पाच वर्षांखालचं असेल तर धमनीचा आतला व्यास ३ मिलिमीटरपेक्षा जास्त असता कामा नये. पाच आणि पुढे असेल तर ४ मिलिमीटर. शिवाय शेजारच्या भागाच्या दीडपट रुंद असेल किंवा आतून वेडीवाकडी दिसत असेल, तरी ती बिघडलेली समजायची.

नियम साधा, सुटसुटीत, लक्षात राहणारा. सगळ्या जपानभर एकच भाषा झाली आणि हजारो मुलांच्या नोंदींची तुलना करता आली. त्याला नावं ठेवायची माझी बिलकुल इच्छा नाही. पण कोड लिहिणाऱ्या माणसाला यात लगेच एक गोष्ट खुपते. हा तर हार्डकोड केलेला इफ-एल्स आहे! वय पाचपेक्षा कमी असेल तर तीन, नाहीतर चार. मग ज्या मुलाची धमनी साडेतीन मिलिमीटर आहे, ते पाचव्या वाढदिवसाच्या आदल्या रात्री आजारी आणि केक कापल्यावर नॉर्मल? तीन महिन्यांचं बाळ आणि साडेचार वर्षांचं बालवाडीत जाणारं कार्टं, दोघांना एकच माप? शिवाय एकाच वयाची दोन मुलं कधी सारख्या अंगाची असतात का?

आता जरा दुसऱ्या गल्लीत जाऊया, कारण याचं उत्तर डॉक्टरांच्या नाही, आकडेवाल्यांच्या घरात आधीच तयार होतं.

१७३३ साली अब्राहम द म्वाव्ह्र या गणितज्ञाने नाणेफेकीचा हिशोब करताना एक घंटेसारखा वक्र शोधला. १८०९ साली गाऊसने तोच वक्र ग्रहताऱ्यांच्या निरीक्षणांतल्या चुकांना लावला. मग बेल्जियमचा ॲडॉल्फ केटले आला. मूळचा खगोलशास्त्राचा माणूस, पण त्याने हा वक्र थेट माणसांना लावला. ५,००० हून जास्त स्कॉटिश सैनिकांच्या छातीची मापं घेऊन त्याने दाखवलं की तीही घंटेच्याच आकारात पसरतात. (आयटीवाल्यांना बेल कर्व्ह म्हटलं की अप्रेझल आठवून पोटात गोळा येतो. त्याचं मूळ पाप इथलं बरं का! :) ) पुढे १८९३-९४ च्या सुमारास कार्ल पिअर्सनने या पसाऱ्याच्या मापाला 'स्टँडर्ड डेव्हिएशन' हे नाव दिलं. आपल्या पाठ्यपुस्तकातलं प्रमाण विचलन. परीक्षेपुरतं पाठ केलेलं, आठवतंय का?

या दोन गोष्टी हाताशी आल्या की झेड स्कोअर अगदी सोपा. तुमच्या आकड्यातून सरासरी वजा करा, आणि उरेल त्याला प्रमाण विचलनाने भागा. बस. थोडक्यात, "आपल्यासारख्यांच्या सरासरीपासून आपण किती पावलं लांब आहोत", आणि त्या पावलाची लांबी म्हणजे प्रमाण विचलन. शून्य म्हणजे बरोब्बर मध्यावर. अधिक दोन म्हणजे दोन पावलं पुढे, जिथे शंभर निरोगी मुलांमधली दोन-तीनच पोचतात. मिलिमीटरला मिलिमीटरने भागल्यामुळे युनिट उडून जातं. मित्राच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच होतं. एक पॉइंट आठ "काहीच" नाही, एक पॉइंट आठ पावलं.

हे आपल्याला वाटतं तितकं अनोळखी नाहीये. मेळघाटातल्या कुपोषणाच्या बातम्यांत 'सॅम' आणि 'मॅम' बालकं असे शब्द येतात ना? तिथेही हाच हिशोब आहे. जॉन वॉटरलो आणि सहकाऱ्यांनी १९७७ साली मुलांच्या वाढीची तुलना प्रमाण विचलनाच्या भाषेत करा असं सुचवलं. २००६ साली जागतिक आरोग्य संघटनेने सहा देशांतल्या मुलांच्या मापांवरून, ज्यात आपल्या दिल्लीतली मुलंही होती, नवे तक्ते काढले. उंचीच्या मानाने वजन उणे तीन पावलांच्याही खाली गेलं की ते मूल तीव्र कुपोषित. अंगणवाडीतला तक्ता आणि हॉस्पिटलातला एको रिपोर्ट, दोन्हींच्या पोटात एकच सूत्र. एकात धोका उणे बाजूला, दुसऱ्यात अधिक बाजूला, एवढाच काय तो फरक.

पण "आपल्यासारख्यांची सरासरी" म्हणताना आपल्यासारखे म्हणजे कोण? नुसतं वय घेऊन चालत नाही. हृदयाला किती मोठ्या शरीराला रक्त पुरवायचं आहे त्यावर धमन्यांचा आकार ठरतो. म्हणून डॉक्टरांनी शरीराच्या पृष्ठभागाचं क्षेत्रफळ घेतलं, म्हणजे अंगावरची सगळी त्वचा पसरली तर किती चौरस मीटर होईल. १९१६ साली द्यु बॉय आडनावाच्या दोघा अमेरिकनांनी माणसांच्या अंगाचे चक्क साचे घेऊन हे मोजलं आणि त्यावरून सूत्र काढलं. त्यांचं सूत्र उभं होतं अवघ्या नऊ माणसांवर! आणि ते कित्येक दशकं जगभर वापरलं गेलं. १९८७ साली मोस्टेलर यांनी ते सोपं करून टाकलं. सेंटीमीटरमधली उंची गुणिले किलोमधलं वजन, भागिले ३६००, आणि त्याचं वर्गमूळ. मोबाइलवरच्या कॅल्क्युलेटरवर होणारं काम.

आता आपलं अडीच मिलिमीटर घेऊया. बोस्टनच्या निरोगी मुलांच्या मापांवर बेतलेलं एक सूत्र २००७ साली प्रसिद्ध झालं. त्यात हृदयाच्या पुढच्या बाजूने खाली उतरणाऱ्या एलएडी नावाच्या डाव्या धमनीसाठी मी हिशोब करून बघितला.

तीन महिन्यांचं बाळ, उंची ६० सेंटीमीटर, वजन ५.४ किलो. क्षेत्रफळ ०.३ चौरस मीटर. एवढ्या बाळाची सरासरी धमनी साधारण १.३७ मिलिमीटर आणि एक पाऊल सुमारे ०.२१ मिलिमीटरचं. धमनी अडीच मिलिमीटर असेल तर झेड स्कोअर जवळजवळ साडेपाच!

आता आठ-नऊ वर्षांचा मुलगा, उंची १२५, वजन २८.८ किलो. क्षेत्रफळ बरोब्बर १ चौरस मीटर. सरासरी २.३३ मिलिमीटर, पाऊल सुमारे ०.३५ चं. अडीच मिलिमीटरला झेड स्कोअर अर्धा. म्हणजे अगदी मधल्या गर्दीतला.

आणि जुना नियम काय म्हणतो? बाळाचं अडीच हे तीनपेक्षा कमी, म्हणजे नॉर्मल. त्याच आठ-नऊ वर्षांच्या मुलाची धमनी ३.९ असती तरी चारपेक्षा कमी, म्हणून नॉर्मल. झेड स्कोअर तिथे साडेचार येतो. ही मुलं कागदावर बरी होऊन घरी जाणार, पुढची तपासणी कदाचित लांबणार. सगळ्यात लहान बाळांना या आजारात धमन्यांचा धोका जास्त असतो, आणि नेमकी तीच जुन्या चाळणीतून खाली पडण्याची भीती सर्वात जास्त.

बोस्टनच्याच डॉक्टरांनी १९९८ साली नेमकं हेच दाखवलं. आंद्रेआ द झोर्झी आणि सहकाऱ्यांच्या त्या शोधनिबंधाच्या शीर्षकाचाच अर्थ असा, की कावासाकी आजारात धमन्यांची मापं चुकून नॉर्मल ठरवली जाऊ शकतात. जुन्या नियमाने नॉर्मल ठरलेल्या मुलांची मापं त्यांनी शरीराच्या आकाराशी ताडून बघितली, तर त्यातल्या कितीतरी जणांच्या धमन्या अपेक्षेपेक्षा दोन पावलांहून जास्त रुंद निघाल्या. २००४ साली अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या मार्गदर्शनात झेड स्कोअर आला, आणि २०१७ च्या आवृत्तीत सगळी वर्गवारीच त्यावर बसवली. दोनपेक्षा कमी म्हणजे नॉर्मल. दोन ते अडीच म्हणजे नुसती रुंदावलेली. अडीच ते पाच लहान फुगा, पाच ते दहा मध्यम, दहा किंवा त्याहून जास्त म्हणजे महाकाय. नुसत्या ॲस्पिरिनवर भागेल की रक्त पातळ करणारी आणखी औषधं हवीत, पुढचा एको कधी, पोराला कबड्डी खेळू द्यायची की नाही, अशा निर्णयांत या आकड्याचा मोठा वाटा असतो.

झालं, इथे टाळ्या वाजवून लेख संपवता आला असता. पण सूत्र आलं की प्रश्न संपतात असं नसतं, हे आपल्या धंद्यात तरी आपल्याला पक्कं माहीत आहे.

पहिली अडचण, सरासरी कुणाची? बोस्टनच्या मुलांची वेगळी. २०११ साली कॅनडात डॅलेअर आणि दहदाह यांनी हजाराहून जास्त मुलांवरून वेगळं सूत्र काढलं. २०१६ साली जपानमध्ये कोबायाशी आणि सहकाऱ्यांनी साडेतीन हजारांहून जास्त निरोगी मुलं मोजून, मुलगे आणि मुली वेगळे धरून, अजून एक काढलं. मधल्या गर्दीत ही सूत्रं साधारण जुळतात. पण टोकाला, म्हणजे जिथे निर्णय खरा अवघड असतो तिथे, त्यांच्यात फरक पडतो. एकच धमनी एका सूत्राने लहान फुगा, दुसऱ्याने मध्यम. म्हणून एका मुलासाठी दरवेळी एकच सूत्र वापरावं आणि रिपोर्टवर त्याचं नाव लिहावं. आपल्या भाषेत, लायब्ररीचं व्हर्जन लिहून ठेवा!

दुसरी, मोजणारा हात. बाळात एक पाऊल ०.२ मिलिमीटरचं. स्क्रीनवर खूण करताना केसभर इकडेतिकडे झालं की झेड स्कोअर एकाने हलला. उंची-वजन अंदाजाने लिहिलं तरी तोच घोळ. आणि दशांशानंतर दोन आकडे छापलेले दिसले की आपल्याला उगाच वाटतं, वा, काय अचूक आहे!

तिसरी, तुलना निरोगी मुलांशी आहे, पण समोरचं मूल तापाने फणफणलेलं. कावासाकी नसलेल्या, नुसत्या तापातही धमन्या थोड्या रुंदावतात असं २०१३ च्या एका अभ्यासात दिसलं. मग दीड-दोनचा स्कोअर आजाराचा की तापाचा? इथे सूत्र गप्प बसतं, डॉक्टरांनाच बोलावं लागतं.

आणि चौथी, मला सगळ्यात आवडलेली. मूल वाढतं. फुगा जागच्या जागी आहे, एक कणही कमी झाला नाही, पण शरीर मोठं झाल्यामुळे सरासरी वर सरकते आणि झेड स्कोअर खाली येतो. कागदावर सुधारणा, धमनीत काहीच बदल नाही. म्हणूनच २०१७ च्या नियमांत एक जुना आकडा मुद्दाम ठेवला आहे. झेड स्कोअर काहीही असो, व्यास ८ मिलिमीटर किंवा जास्त असेल तर तो महाकायच. कारण रक्त कुठे रेंगाळेल आणि गोठेल हे तुमच्या वयाच्या सरासरीला विचारून ठरत नाही. जपाननेही २०२० च्या मार्गदर्शनात झेड स्कोअर घेतला, पण मिलिमीटर पुसून टाकले नाहीत. मला यात शहाणपण दिसतं. सापेक्ष माप आलं म्हणून निरपेक्ष माप मोडीत काढायचं नाही, दोन्ही शेजारी ठेवायची.

२०२० च्या एप्रिल-मे महिन्यांत इंग्लंडमध्ये आणि नंतर आपल्याकडेही कोविडनंतर काही मुलांना कावासाकीसारखीच लक्षणं दिसायला लागली. त्या घाईत डॉक्टरांकडे धमन्या मोजायची एक तयार, सगळ्यांना कळणारी भाषा होती. त्याच वर्षी ५ जूनला डॉ. कावासाकी गेले, वयाच्या ९५ व्या वर्षी. त्यांच्या नावाचा आजार नेमका कशामुळे होतो, हे अजूनही कुणाला खात्रीने सांगता आलेलं नाही. कारण कळलं नाही तरी मोजायचं थांबवायचं नसतं, एवढं मात्र या सगळ्या मंडळींनी साठ वर्षं पाळलं.

तेव्हा पुढच्या वेळी घरातल्या कुणाच्या रिपोर्टवर युनिट नसलेला आकडा दिसला, तर घाबरू नका आणि गूगलवर रात्रही काढू नका. डॉक्टरांना सरळ दोन प्रश्न विचारा. ही तुलना कुणाशी केली आहे? आणि मागच्या वेळीही त्याच सूत्राने केली होती का? चांगल्या डॉक्टरांना या प्रश्नांचा राग येत नाही.

असो. लेख जरा लांबलाच. चहा गार झालाय, आता उठतो. भेटू पुढच्या शनिवारी.